चालत्या दातांचे किट्टू राव

किट्टू राव पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या रुमालात दात बांधलेले होते.

मी तेव्हा अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका लहान वर्कशॉपात बसत होतो. त्याआधी चौतीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर. शिक्षण चौथी. कराडकडचा माणूस मद्रासला आला आणि इथलाच झाला. रिटायर झालो तरी हात गप्प बसेनात, म्हणून हे वर्कशॉप. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील.

भर दुपारी एक गृहस्थ दारात उभे. पांढरी वेष्टी म्हणजे इकडचं धोतर, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काळेभोर केस मागे वळवलेले, मिशी पेन्सिलीनं ओढल्यासारखी. ताठ. मी तमिळमध्ये काय पाहिजे विचारलं. माझं तमिळ ऐकून ते हसले.

"मराठे आहांत होय? मग आपली भाषा बोला की."

त्यांची ती आपली भाषा म्हणजे तंजावरची. आमच्याकडे अशी मराठी फक्त पोथीत राहिली आहे. पोथीच वेष्टी नेसून उठून आली आहे असं वाटायचं. त्यांनी रुमाल सोडला. आत वरची-खालची पूर्ण कवळी.

"हे चालले पाहिजेत."

"खाताना हलतात का?"

"खाण्यास नव्हे हो, मेस्तिरी. टेबलावरून. आपले आपण. खट् खट् चालावें, आणि माणूस दिसला कीं चावावें."

मला वाटलं ऊन लागलंय बिचाऱ्याला. पाणी दिलं. ते त्यांनी उभ्यानंच, भांड्याला ओठ न लावता प्यायलं आणि सगळं सांगितलं. ते सिनेमातले मेकअपमन. सेल्वम नावाचा एक चाळिशीचा माणूस वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबून आता पहिल्यांदा स्वतःचा सिनेमा काढत होता. भुताचा, पण हसायचा. घरातले सगळे एका म्हाताऱ्याला छळतात. म्हातारा मरतो. त्याचं सगळं सामान फेकून देतात, फक्त कवळी पेल्यात राहून जाते. मग ती कवळी पेल्यातून उतरते आणि एकेकाला चावते. ज्याला चावेल तो म्हातारा होतो. खोकतो, चष्मा शोधतो, बिनसाखरेची कॉफी मागतो. नाव 'पल् सेट्टु'. तमिळमध्ये कवळीला तेच म्हणतात.

"आणि भुताचं काम कोण करतं?" मी विचारलं.

"म्हातारपणच भूत, मेस्तिरी. दुसरें कशास पाहिजे?"

मी आयुष्यात तोफेचे भाग केले, पण दात चालवले नव्हते. आणि मला जमत नाही असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही. घड्याळाची स्प्रिंग, सायकलच्या ब्रेकची वायर आणि दोन दातेरी चाकं घेऊन अकरा दिवस बसलो. पहिल्या तीन वेळा कवळी मागेच चालली. शेवटी पुढे चालली, माझ्या बोटाला चावली. रक्त आलं. किट्टू राव इतके खूश झाले की त्यांनी मला पोटाशीच धरलं.

*

त्यांचं वय अठ्ठावन्न. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा अठ्ठावन्न आणि तीन वर्षांनी विचारलं तेव्हाही अठ्ठावन्न. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बंगलोरला. वेस्ट मांबलमला दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. जिना चढताना कठड्याला हात लावायचे नाहीत. वर पोचले की दार उघडायच्या आधी किल्ली शोधत बसायचे, किल्ली हातातच असायची. दम खाणं चाललेलं असायचं, पण ते बघायची चोरी. पेपर हात लांब करून वाचायचे. चष्मा का नाही म्हटलं तर म्हणायचे, "बातमी दुरूनच वाचावी. जवळ घेतली कीं लागते."

एकदा मांबलम स्टेशनाबाहेरच्या फुलवालीनं त्यांना 'तात्ता' म्हटलं. तात्ता म्हणजे आजोबा. तिनं मायेनंच म्हटलं होतं. पुढं वर्षभर किट्टू राव त्या गल्लीतून गेले नाहीत. मला घेऊन लांबून वळसा घालायचे, उन्हात.

"अहो, म्हणेना का!" मी म्हणायचो. "मला सगळे तात्ताच म्हणतात."

"तुम्ही लोखंडाचें काम करितां. लोखंड म्हाताऱ्यास घाबरत नाही. तोंड घाबरतें."

हे त्यांनी नुसतं बोलून दाखवलेलं नव्हतं. त्यांचा एक जोडीदार होता, त्यांच्याहून चांगला कलाकार. एका नटीच्या डोळ्याजवळ रेघ ओढताना त्याचा ब्रश हलला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या गेटवर वॉचमननं त्याला नमस्कार केला आणि आत सोडलं नाही. बस्. तिथून पुढं तो घरी बसला. किट्टू रावांनी हे सांगितलं तेव्हा कॉफीचा दबरा, ती खोलगट वाटी, दोन्ही हातांनी धरला होता.

"सेहेचाळीस वर्षें जाहलीं मज या धंद्यात," ते म्हणाले. "सदा असिस्टंट. एकदांही पडद्यावर नांव नाही. सेल्वम देणार आहे. मोठ्या अक्षरांत, एकट्याचें. तें एकदां बघूं द्या, मेस्तिरी. तोंवर हात चालला पाहिजे."

तोवर मला कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. दबरा दोन्ही हातांनी धरूनसुद्धा आतली कॉफी थरथरत होती. माझी नजर बघून त्यांनी दबरा खाली ठेवला.

*

त्यांची काम करायची एक तऱ्हा होती. रंग लावताना उजव्या हाताची करंगळी समोरच्याच्या हनुवटीवर टेकायची आणि मग ब्रश चालवायचा. सगळे म्हणायचे ही रावांची ढब. मीही शूटिंगला जाऊन जाऊन ती बघत होतो. लेथवर लांब सळी कापायची तर मागून टेका द्यावा लागतो, नाहीतर ती नाचते. हा तसलाच टेका होता, हे त्या कॉफीनंतर मला उमगलं. त्या दिवसापासून त्यांचा ब्रश कुणाच्या तोंडाजवळ गेला की मी दुसरीकडे बघायचो.

पण काम झकास. एक फौजदार चोराच्या मागे धावतो असा प्रसंग होता. कवळी आधी फौजदाराला चावते, मग चोराला. दोघं धावता धावता म्हातारे होतात. मग दोघंही रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून गुडघेदुखीवर कुठलं तेल चांगलं यावर बोलत राहतात. शेवटी चोरच फौजदाराला हाताला धरून पलीकडे नेतो. किट्टू रावांनी दोघांची तोंडं अशी केली होती की चहावाल्यानं आपण होऊन साखर कमी घातली.

"तोंड म्हणजे भिंत नव्हे, रंग मारून निघावयास," ते म्हणायचे. "कोठें हसला, कोठें रडला, कोणास शिव्या दिल्या, सगळें शोधावें लागतें. मगच सुरकुती घालावी."

*

शेवटचा प्रसंग राहिला होता. म्हाताऱ्याला सगळ्यांत जास्त छळणारा नातू. कवळी त्याला चावते आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर, कॅमेरा न हलता, तो म्हातारा होतो. कॉम्प्युटरवर असलं करणारे होते, पण आम्हाला कोण विचारतो! किट्टू रावांनी जुनी रीत काढली. कॅमेरा पक्का बांधायचा, नटाचं डोकं मागून लोखंडी चिमट्यात धरायचं. चार सेकंद कॅमेरा चालवायचा, थांबवायचा. तोंडावर एक थर चढवायचा, पुन्हा चार सेकंद. असे सहा थर. पुढे लॅबमध्ये एकातून दुसरं विरघळतं. डोकं सूतभर जरी हललं तरी सगळं फुकट. चिमटा मी केला होता.

फिल्मचा एकच डबा उरला होता. बंगला त्या दिवशी संध्याकाळी सोडायचा होता. आणि सकाळी दहाला, पहिल्या थराचं रबर लावल्यावर, नातवाचं काम करणाऱ्या मुलाचं तोंड सुजलं. डोळे मिटले. त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे पाठवला.

सेल्वम कॅमेऱ्याशेजारी खाली बसला. "सगळं संपलं, सार," एवढंच म्हणाला.

किट्टू राव खिडकीशी उभे होते. तिथून वळले. मग म्हणाले, "त्याचा शर्ट आहे कां?"

"आहे."

"चावल्यावर तो तोंडावर टॉवेल घेतो. टॉवेल काढला कीं खालीं मी. उलटें करूं. आधीं तरुण करायचें आणि एकेक थर उतरवायचा."

"तुमचं तोंड त्याच्यासारखं नाही, सार."

"हसतील कीं मग! हसण्याचाच सिनेमा आहे न रे पा?"

सेल्वमनं डोळे पुसले. "पण उतरवून शेवटी म्हातारा कुठून आणायचा? तुम्ही अठ्ठावन्नाचे."

किट्टू रावांनी पेटी उचलली. मला म्हणाले, "मेस्तिरी, आंत चला," आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आरशासमोर दोन तास गेले. कानामागे चिकटपट्ट्या लावून त्यांनी गालाची कातडी मागे ओढली, वरून रंग सारवला. सारवायला हात कापला तरी चालतं. मग भुवई आली. तिला रेघ लागते. स्वतःच्या हनुवटीवर करंगळी टेकवली, पेन्सिल उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली. रेघ कपाळावर गेली. पुसली. तिसऱ्यांदा पेन्सिल माझ्यासमोर धरली. आरशातून माझ्याकडे बघत नव्हते.

"तुम्ही आंखा. पत्र्यावर आंखतां तैसी."

मी आखली. माझा हात कापला नाही, पण श्वास मात्र मी घेतला नव्हता. दुसरी भुवई झाली तेव्हा ते म्हणाले, "आतां बाहेर थर तुम्हीच काढायचे. मी मान हालवूं शकणार नाही."

चिमट्यात मान धरली. सेल्वमनं कॅमेरा चालवला, थांबवला. मी रंग पुसला. चालवला, थांबवला. मी पट्ट्या सोडल्या तसे गाल खाली आले, पिशवीची नाडी सोडल्यासारखे. मी बघत बसलो तर ओठ न हलवता ओरडले, "हं!" तिसऱ्याला भुवयांचं काळं काढलं, खाली पांढरं होतं. चौथ्याला मिशी. त्या मिशीतला एकही केस खरा नव्हता. पाचव्याला मी हात मागे घेतला, कारण पाचवा थर काय ते मला माहीत नव्हतं.

"केस," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी डोळ्यांनी वर खुणावलं. मी कपाळाच्या वर नख घातलं आणि सगळे केस हातात आले. ओळख झाल्यापासून मी ज्या केसांचा हेवा करत होतो तो टोप होता. खाली चार पांढरी पिसं. सेल्वमच्या तोंडातून काहीतरी निघालं. वीस वर्षं ओळखत होता तो त्यांना.

"फिल्म किती राहिली?" किट्टू रावांनी विचारलं.

"तीस सेकंद, सार."

"मग रडूं नको. चालव."

कॅमेरा चालला, थांबला. सहावं त्यांनी तोंड उघडून दाखवलं. मी त्यांची कवळी काढून घेतली. गाल आत गेले, हनुवटी वर आली, आणि चिमट्यात एक म्हातारा होता. पंचाहत्तरच्या पुढचा. मी त्याला ओळखत नव्हतो. तो कॅमेऱ्यात बघत होता, तरुण शर्ट घालून, आणि नातवाचं काम करायचं ते विसरून नुसता बघतच होता. फिल्म संपून कॅमेरा फडफडला तरी सेल्वमनं हात काढला नाही.

मी स्क्रू सोडले. किट्टू रावांनी आधी कवळी मागितली, मग टोप. दोन्ही घालून झाल्यावर म्हणाले, "तुम्हां दोघांस शपथ आहे. हा मेकअप होता."

*

सिनेमा एका जुन्या थिएटरला दुपारच्या खेळाला लागला. पहिल्या दिवशी आम्ही धरून चौदा माणसं. 'मेकअप: टी. कृष्णाजी राव', म्हणजे आपले किट्टू, अशी पाटी मोठ्या अक्षरांत, एकट्याची आली. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मागचा ओरडला, "बसा हो!" तर वळून त्याला म्हणाले, "बसतो. तें जाऊं दे." आठ दिवसांत सिनेमा उतरला.

मग कुणीतरी त्याची व्हीसीडी काढली आणि ती कॉलेजच्या हॉस्टेलांतून फिरली. पोरं टोळक्यानं बघायची, प्लास्टिकचे दात लावून, प्रत्येक वाक्य नटाच्या आधी बोलायची. फौजदार-चोराला टाळ्या. आणि शेवटच्या तोंडाला आधी हशा व्हायचा, मग हळूहळू सगळी खोली चिडीचूप. मी दोनदा ते ऐकलं आहे. सगळे म्हणायचे, काय मेकअप आहे! माणूस खरा म्हातारा वाटतो! किट्टू राव मान तुकवायचे. किती वेळ लागला विचारलं तर गंभीरपणे सांगायचे, "चार तास."

आणि मग तेच अंगाशी आलं. वडपळनीच्या एका मोठ्या कंपनीतून फोन आला. एका बड्या नटाला त्याच्या नव्या सिनेमात तसलंच तोंड पाहिजे. करणारा माणूसही तोच पाहिजे.

"नाही म्हणा," मी म्हणालो.

"उभा जन्म या फोनची वाट बघितली. नाही म्हणूं?"

"मग हाताचं काय?"

"तुमचा हात आहे की."

आठ दिवस त्यांनी मला शिकवलं. त्यांच्याच तोंडावर. मी रेघ सरळ ओढायचो आणि ते चिडायचे. "सुरकुती आहे ती! पट्टी नव्हे!" मीही चिडायचो. चौतीस वर्षं सरळ रेघ ओढल्याबद्दल मला सरकारनं पेन्शन दिलं होतं. वाकडी ओढायची कशी ते मला या वयात जमेना, आणि जमत नाही हे मी कबूलही करेना. दोघं हट्टी. आठव्या दिवशी ते म्हणाले, "सरि, असो. मीच करितों."

मेकअपच्या खोलीत नट खुर्चीवर, त्याचा मॅनेजर, त्याचा स्वतःचा मेकअपमन, आणखी तिघं-चौघं. समोर भिंतभर आरसा, सभोवार दिवे. किट्टू रावांनी नमस्कार केला, पेटी उघडली, करंगळी नटाच्या हनुवटीवर टेकवली. ब्रश गालाजवळ नेला.

ब्रश हलला. आरशात तो सगळ्यांना दिसला. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा नेला. आता करंगळीही हलायला लागली आणि तिच्याबरोबर नटाची हनुवटी.

नट भला माणूस. म्हणाला, "पाणी घ्या, सार. घाई नाही."

किट्टू रावांनी ब्रश पुसून पेटीत ठेवला. मला वाटलं आता नमस्कार करून निघतील. ते शेजारच्या खुर्चीत आरशाकडे पाठ करून बसले. आधी मिशी काढली, मग टोप, मग कवळी. कवळीशिवाय शब्द फुटत नव्हते, तरी तमिळमध्ये सावकाश म्हणाले, "तो मेकअप नव्हता. तोंड माझंच आहे."

मग मॅनेजरनं टाळी वाजवली. "सूपर, सार! घरूनच लावून आलात? समजलंच नाही!"

सगळे हसत भोवती जमले. नटाचा मेकअपमन वाकून बघायला लागला. असल्या रबराला कुठं तरी कड असते, ती सापडली की युक्ती कळते. त्यानं कानाजवळ नख लावलं. मग जबड्याखाली. मग गालाची कातडी चिमटीत धरून ओढली.

"कड कुठं आहे, सार?"

मी पुढे झालो. त्या माणसाचा हात धरून मुरगळणारच होतो. किट्टू रावांनी मला नजरेनंच थांबवलं. ते तसेच बसून राहिले, हनुवटी थोडी वर करून, जसे इतकी वर्षं लोक त्यांच्यासमोर बसत आले होते. तो चाचपत होता, चाचपत होता, आणि चाचपता चाचपता त्याची बोटं हळू झाली. त्याचाही चेहरा उतरला. मग हात मागे घेऊन तो दोन पावलं सरला आणि कुणाला कळेल न कळेल असं वाकून त्यानं त्यांच्या पायांना हात लावला.

किट्टू रावांनी कवळी घातली. टोप पिशवीत टाकला.

"सांपडली कां?" त्यांनी विचारलं. आणि आम्ही बाहेर पडलो.

बस स्टॉपपर्यंत चालत गेलो. मला अंबत्तूरला, त्यांना मांबलमला. त्यांची बस आधी आली, खच्चून भरलेली. ते चढले. मी खालून खिडकीतून बघत होतो. म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या सीटवर एक तरणा गडी कानात वायर घालून बसला होता. किट्टू राव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्याच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं आणि सगळी बस ऐकेल अशा आवाजात, रस्त्यावर मलासुद्धा ऐकू आलं एवढ्या आवाजात म्हणाले,

"ऊठ रे पा. म्हाताऱ्याला बसूं दे."

तो उठला. ते बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते कापत होते तसे कापू दिले. बस सुटली. पुढच्या महिन्यात मी गावी गेलो होतो तेव्हा ते वारले. त्यामुळे मला ते दिसतात ते तिथंच, त्या सीटवर बसलेले.